‘के’ आधी की नंतर? तोक्योतल्या चार दागिन्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

तोक्योच्या एदोगावा भागात निशि-कासाई हे स्टेशन आहे. तिथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि संध्याकाळी बागेत मराठी सहज कानावर पडतं. तिथे दहा वर्षं काढलेलं एक पुण्याचं कुटुंब २०२४ च्या वसंतात कायमचं परत निघालं. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. दागिन्यांचे ठसे आणि वजनं मात्र जशीच्या तशी देतो, कारण सगळं प्रकरण त्यांच्याभोवतीच फिरतं.

माझा संबंध असा. मी मूळचा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा, वडील गलाईत, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात. मूस, लगडी, घट, टंच हे शब्द मी शाळेच्या आधी शिकलो. आता ओकाचिमाचीत एका दागिने कारखान्यात काम करतो. उएनो आणि आकिहाबाराच्या मधला हा भाग म्हणजे तोक्योची दागिन्यांची घाऊक पेठ. भारतीय हिरे-रत्न व्यापाऱ्यांची दुकानंही इथे बरीच आहेत. त्यामुळे गावाकडे परत निघालेल्या कुणाला सोन्याबद्दल काही विचारायचं असलं की फोन माझ्याकडे येतो. या वेळी फोन आला तेव्हा विमानाला सोळा दिवस उरले होते.

ताईंच्या, म्हणजे त्या घरच्या बाईंच्या, डब्यात मंगळसूत्र सोडून चार वस्तू होत्या.

पहिली, २०१५ मध्ये एका मोठ्या दुकानातून पावतीसह घेतलेली किहेइ साखळी. किहेइ म्हणजे पीळ दिलेल्या, सपाट घासलेल्या कड्यांची साखळी. जपानी माणूस सोन्यात पैसे गुंतवायचे म्हटलं की बऱ्याचदा हीच घेतो. तिच्या फाशावर ‘के १८’ (के म्हणजे कॅरेट), शेजारी छोटा जपानी झेंडा आणि शंकरपाळ्याच्या आकारात ७५०.

दुसरी, साधी, बिनखड्याची अंगठी. देवळाच्या आवारात भरणाऱ्या जुन्या बाजारातून घेतलेली. आतून ठसा ‘१८ के’.

तिसरी, पाच ग्रॅमचं पदक. ताईंनी इथल्या पहिल्या अर्धवेळ नोकरीच्या पगारातून घेतलेलं, तेही वापरलेलं. त्यावर झेंडा आणि शंकरपाळ्यात १०००.

चौथी, चौदा ग्रॅमचं ब्रेसलेट. लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला भाऊजींनी, म्हणजे ताईंच्या नवऱ्याने, ऑनलाइन मागवून दिलेलं. फाशाच्या जिभेवर ‘के १८’. निदान दोघांनी आजवर वाचलं होतं ते एवढंच.

ठशांची भाषा

जपानमध्ये हॉलमार्क ऐच्छिक आहे. ओसाकाची टांकसाळ १८७१ मध्ये सुरू झाली आणि १९२९ पासून ती उत्पादकांनी आणलेले दागिने तपासून त्यांवर आपला ठसा मारते. झेंडा म्हणजे टांकसाळीने तपासल्याची खूण, शंकरपाळ्यातला आकडा म्हणजे हजारी टंच, हजार भागांत चोख सोनं किती ते. ७५० म्हणजे अठरा कॅरेट. शुद्ध सोन्याला पूर्वी १००० लिहीत, २०१२ पासून ९९९ लिहितात. म्हणजे ताईंच्या पदकावरचा हजार हा ते पदक किती जुनं आहे, याचाही पुरावा होता.

पण बाजारातल्या बहुसंख्य दागिन्यांवर झेंडा नसतोच. असतो फक्त बनवणाऱ्याने स्वतः मारलेला ‘के १८’. आपल्याकडे जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, आला, त्यामुळे ठसा म्हटला की तो तिऱ्हाइताने तपासून मारलेला, अशी सवय आपल्याला आता लागते आहे. जपानी ‘के १८’ तसा नसतो. ते कारागिराचं वचन असतं. बहुतेक वेळा खरं असतं, पण वचन आणि तपासणी यांत फरक आहे.

त्यातच एक देशी रूढी आहे. जपानी कारागीर अक्षर आधी आणि आकडा नंतर लिहितो. आकडा आधी आणि ‘के’ नंतर असेल तर त्याला धंद्यात ‘आतो-के’ म्हणतात, म्हणजे नंतरचा के. परदेशातून आलेल्या कमी टंचाच्या साखळ्यांमुळे हा आतो-के इथे बदनाम झाला. दागिना उलटा करून पाहिला आणि अक्षर मागे दिसलं की जुन्या सोन्याचा खरेदीदार ओठ आवळतो.

आपल्या लोकांना आणखी एक कोडं पडतं: इतक्या श्रीमंत देशात बावीसचं सोनं का नाही? एक कारण इतिहासात आहे. अंगठी, हार, बांगडी असा दागिना इथे १८६८ मध्ये सुरू झालेल्या मेइजी काळापासून रुळला. त्याआधी सोनं जायचं ते केसांतल्या काट्यांवर, ओबीच्या, म्हणजे किमोनोच्या कमरपट्ट्याच्या, बकलावर, तलवारीच्या मुठीवर. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि मुठीची नक्षी करणारे हात दागिन्यांकडे वळले. त्यांनी पाश्चात्त्य घाट उचलला आणि त्याबरोबर खडा घट्ट धरणारं कडक अठराही. चोख सोनंही इथे लोक घेतात, पण बरेचदा ठेव म्हणून: चोविसाची किहेइ, सोन्याचा साकेचा पेला, देव्हाऱ्यात वाजवायची सोन्याची वाटी. आपल्याकडे ठेव आणि दागिना बावीसमध्ये एकत्र नांदतात, इथे दोघांची घरं वेगळी. पुण्याच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, “अठरा म्हणजे अर्धं तांबंच की गं.” तसं नाही. शंभरातले पंचाहत्तर भाग सोनं, उरलेल्या पंचविसात चांदी आणि तांबं.

अडचण

ताई आणि भाऊजी स्टेशनजवळच्या एका काइतोरी दुकानात, म्हणजे जुना माल विकत घेणाऱ्याकडे, डबा घेऊन गेले होते. दुकानदाराने भिंग लावून ठसे पाहिले, वजन केलं आणि एकत्र भाव लिहून दिला. साखळी अठराच्या दराने, पदक चोविसाच्या. अंगठीवर आतो-के पाहून ‘ही आम्ही चौदात धरतो’ म्हणाला. ब्रेसलेट एका बाजूला सरकवलं, काहीच न बोलता. ताईंना वाटलं, नक्षी आवडली नसेल. सगळं आज दिलं तर थोडं वाढवून देतो, असंही तो म्हणाला.

त्याने यंत्र लावलं नाही, कसोटी लावली नाही, पाण्यात वजन केलं नाही. दर ठरला तो नुसत्या अक्षरांवर. त्या रात्री ताईंचा मला फोन आला: “दादा, देऊन टाकू का? सामान बांधायचं राहिलंय अजून.”

समोरचे पर्याय

सगळं त्या दुकानाला देणं सोपं होतं. पण माझा सगळ्यात मोठा आक्षेप गठ्ठ्याच्या भावालाच होता. गठ्ठ्यात एका वस्तूवरची कपात दुसरीच्या चांगल्या दरात लपून जाते.

घरी येऊन सोनं घेणाऱ्यांचं पत्रक त्यांच्या टपालपेटीत पडलेलं होतं. घरी येऊन झालेला सौदा आठ दिवसांत रद्द करण्याचा हक्क २०१३ पासून इथल्या कायद्याने दिला आहे. तरीही पंधरवड्यात घर सोडणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगितलं. हक्क बजावायला माणूस त्या पत्त्यावर राहायला हवा.

तिसरा पर्याय सासूबाईंचा: सगळं पुण्याला आणा, आपल्या सराफाकडे मोडून लेकीला बावीसच्या बांगड्या करू. हा मनाला सगळ्यात जवळचा होता, म्हणून मी कागद घेऊन हिशोब मांडला. तीस ग्रॅम अठराचं सोनं बावीसला न्यायचं तर त्यात किती चोख घालावं लागेल? जवळजवळ साठ ग्रॅम. ताईंनी मला तो आकडा दोनदा विचारला. एवढं सोनं कुणी घालत नाही. मग तेजाबाने शुद्ध करून चोख वेगळं काढायचं, आणि ते साडेबावीस ग्रॅम भरतं. त्यातून बावीसचे साडेचोवीस ग्रॅम होतात. सोनं तेवढंच राहतं, वजन मात्र काट्यावर साडेपाच ग्रॅमने उतरतं. शिवाय शुद्धीकरणाचा खर्च, घट आणि पुन्हा घडणावळ. सराफाने फसवलं असं वाटून घरात तेढ पडते ती इथेच, आणि बरेचदा त्यात फसवणूक काहीच नसते.

त्यात कस्टम्सचा मुद्दा होताच. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या नियमांत वर्षाहून जास्त काळ परदेशी राहिलेल्या स्त्रीला चाळीस ग्रॅमपर्यंतचा दागिना करमुक्त होता, पण किमतीची मर्यादा एक लाख रुपये. त्या वर्षीच्या दरात वजनाच्या खूप आधी किमतीची मर्यादा संपत होती. म्हणजे जे न्यायचं ते पावतीसह, जाहीर करून. ज्याची पावती नाही आणि ज्यात मन अडकलेलं नाही, ते इथेच विकलेलं बरं.

काय केलं

रविवारी ते दोघं डबा घेऊन आमच्या कारखान्यात आले.

अंगठीपासून सुरुवात केली. ती बिनखड्याची असल्यामुळे आधी पाण्यातलं वजन. हवेत ६.२० ग्रॅम, पाण्यात ५.८०. भागाकार केला की घनता साडेपंधरा. अर्धी चांदी, अर्धं तांबं घातलेल्या अठराची घनता जवळपास एवढीच येते, चौदाची पावणेचौदाच्या आसपास. पण इतक्या लहान वस्तूत एका सेंटिग्रॅमची चूक उत्तर बरंच हलवते, म्हणून त्यावर थांबलो नाही.

मग कसोटी. जपानीत तिला शिकिनसेकि म्हणतात, आणि आपल्या ‘कसोटी’सारखाच तो शब्दही माणसाच्या परीक्षेसाठी वापरतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला वडिलांचा काळा दगड आठवला होता. अंगठीची रेघ अठराच्या नमुना-सुईच्या रेघेशेजारी ओढली, आम्ल लावलं, दोन्ही सारख्याच टिकल्या.

शेवटी एक्स-आर-एफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातूंचं प्रमाण मोजणारं यंत्र. इथे मी नेहमी एक गोष्ट सांगतो. हे यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. वरवर श्रीमंत दिसणं ही या देशातली जुनी विद्या आहे. १६०१ च्या केइचो कोबान नाण्यात सोनं ८४ ते ८६ टक्के होतं. १६९५ मध्ये गेन्रोकु कोबान काढलं तेव्हा ते ५७ टक्क्यांच्या आसपास आलं. तरी नाणं पिवळंधमक दिसायचं, कारण पृष्ठभागावरची चांदी काढून टाकून रंग चढवत. म्हणून अंगठीच्या आत, दिसणार नाही अशा जागी कानसीचा हलका हात मारला आणि तिथे यंत्र लावलं. यंत्राने ७५.२ टक्के दाखवलं.

आतो-के असलेली अंगठी पूर्ण अठराची निघाली. जपानबाहेर बऱ्याच देशांत ठसा असाच मारतात. चौदाने धरली असती तर तिच्यात ३.६३ ग्रॅम चोख सोनं मोजलं गेलं असतं, प्रत्यक्षात होतं ४.६५. एका साध्या अंगठीत एक ग्रॅम चोख सोन्याची तूट, फक्त एक अक्षर मागे होतं म्हणून.

पदकाबद्दल शंका नव्हतीच, तीही फिटली.

साखळीबद्दल मी ठशाचा फोटो पाहून फोनवर ताईंना ठामपणे म्हणालो होतो की झेंडा आहे, काळजी नको. तिथे माझं चुकलं. पावती आणि काटा शेजारी ठेवले तेव्हा कळलं. पावतीवर २८.२ ग्रॅम, काट्यावर ३०.३. नऊ वर्षं वापरून साखळीचं वजन वाढत नाही. ताई क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “आई आल्या होत्या ना २०१९ मध्ये, त्यांना घालता यावी म्हणून दोन बोटं वाढवून घेतली होती.” दुरुस्ती एका छोट्या दुकानात झाली होती, पावती नव्हती. वाढवलेल्या कड्या भिंगाखाली शोधल्या, हलकं कानसून तपासल्या. जुन्या कड्या ७५.१. नव्या ५८.६, म्हणजे चौदा. रंग इतका जुळवलेला की मी नुसत्या डोळ्यांनी ओळखल्या नसत्या.

पैशात फरक छोटा होता, एक-तृतीयांश ग्रॅम चोख सोन्याच्या आसपास. पण ही साखळी पुण्यात मोडली असती तर लगडीचा टंच ७४ च्या आसपास आला असता, आणि तिथला सराफ म्हणाला असता की जपानी टांकसाळीचा ठसा खोटा. ठसा खरा होता. तो त्या फाशाबद्दल आणि २०१५ साली दुकानातून निघालेल्या साखळीबद्दल बोलत होता.

इथे एक निर्णय दोघांनी माझ्या सल्ल्याविना घेतला, आणि मला तो फार भावला. पहिल्या दुकानदाराने अख्खी साखळी अठरात धरली होती. तशीच दिली असती तर कुणाला कळलं नसतं. भाऊजी म्हणाले, “त्याने अंगठीला न तपासता कमी धरलं म्हणून आपण याला न सांगता जास्त घ्यायचं का?” वाढवलेला तुकडा कापून वेगळा काढायचं ठरलं.

ब्रेसलेट

हे शेवटी ठेवलं होतं, आणि ते शेवटी ठेवलं हीच माझी चूक, हे मला आता वाटतं.

फाशाची जीभ बाहेर ओढून भिंगाखाली धरली. ‘के १८’नंतर वळणावर, झिजलेली, आणखी दोन अक्षरं होती: जीएफ. म्हणजे आत हलक्या प्रतीचा धातू आणि वर अठराच्या सोन्याचा दाबून बसवलेला पत्रा. जीपी म्हणजे नुसता मुलामा, त्याहून हा थर जाड असतो, पण मोडीत दोन्हींना फारसा भाव मिळत नाही. मी जीभ परत आत सरकवली आणि थोडा वेळ काही बोललो नाही. भाऊजी शेजारीच उभे होते. त्यांनी ते सोनं समजूनच घेतलं होतं. दागिना नामांकित कंपनीचा होता, किंमतही तशी भारीच होती. आणि विकणारा अप्रामाणिक होता असंही नाही, त्याने जे होतं ते अक्षरांत लिहिलं होतं.

सांगावं की नाही? मला पर्याय नव्हता. पुण्यात एखाद्या अनोळखी माणसाने सगळ्यांसमोर ‘हे सोनं नाहीच’ म्हणण्यापेक्षा इथे कळलेलं बरं, असं वाटलं आणि मी सांगितलं. भाऊजींचा चेहरा उतरला. ताईंनी ब्रेसलेट उचलून तिथेच हातात घातलं. विकायच्या यादीतून ते तेव्हाच गेलं.

निष्पत्ती

अंगठी आणि साखळीचा कापलेला २.१ ग्रॅमचा तुकडा ओकाचिमाचीतल्या एका खरेदीदाराकडे विकला. तिथे यंत्र गिऱ्हाइकासमोरच चालवतात. अंगठी अठरात गेली, तुकडा चौदात. रेसिडेन्स कार्ड दाखवावं लागलं, ते इथे जुन्या मालाच्या खरेदीत रीतसर असतं. साखळी आणि पदक मूळ पावती व छायाचित्रांसह पुण्याला गेले आणि विमानतळावर जाहीर केले.

साखळी मोडली नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाने आपल्या यंत्रावर लावून ७५.० लिहिलेली चिठ्ठी दिली, सासूबाईंनी ती जुन्या पावतीला टाचून ठेवली. लेकीच्या बांगड्यांचा विचार पुढे ढकलला आहे. पदकातलं चोख सोनं त्यात घालायचं, कारण तिथे शुद्धीकरणाचा खर्च नाही आणि पाच ग्रॅममधून बावीसचे जवळपास साडेपाच ग्रॅम होतात. पण ताईंचा जीव त्या पदकात आहे, ते मोडलं जाईल असं मला वाटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सोळा दिवस फार कमी होते. दागिने तपासायला एक दुपार पुरते, पण त्यानंतर मन स्थिर होऊन ठरवायला आठवडे लागतात. ब्रेसलेटचं कळल्यावर दोघांना एकमेकांशी बोलायलाही सवड नव्हती, घरात खोकी पसरलेली होती.

मी भाऊजींना आधी एकट्याला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. भेट त्यांनी दिली होती, बायकोला सांगायचा पहिला हक्क त्यांचा होता.

फोटोवरून मत द्यायला नको होतं. फोटोत ठसा दिसतो, वजन दिसत नाही. आता कुणाचा फोन आला तर मी ठशाच्या आधी दोन गोष्टी विचारतो: पावतीवर वजन किती आणि त्यानंतर दागिन्याला कुणाचा हात लागला का. आणि फाशाच्या जिभेचे दोन्ही बाजूंनी, वळणापर्यंतचे फोटो मागतो.

पहिल्या दुकानात ताईंनी एकच प्रश्न विचारला असता, “ही अंगठी तुम्ही तपासली का?”, तर तिथेच बरंच उलगडलं असतं. त्या अर्धवेळ नोकरीत रोज जपानी बोलणाऱ्या बाईला हा प्रश्न काउंटरवर सुचला नाही. सोन्याच्या काउंटरवर भल्याभल्यांची जीभ अडते, मी वडिलांसमोर बसलेल्या गिऱ्हाइकांत हे लहानपणापासून पाहिलंय.

आणि २०१९ ची ती दुरुस्ती. साखळी वाढवताना कोणत्या टंचाचं सोनं लावलं, किती वजनाचं लावलं, हे लिहून घ्यायचं राहिलं. तुकडा कापल्यामुळे साखळी आता पुन्हा सासूबाईंना दोन बोटं आखूड पडते आहे. तो तुकडा मी इथे अठरात बनवून घेतोय. त्याच्या एका कडीवर स्वतंत्र ‘के १८’ ठसा असेल आणि पावतीवर त्याचं वेगळं वजन. दिवाळीत ताईंचे दीर तोक्योला येणार आहेत, त्यांच्या हाती पाठवीन.